पडद्यावरचे स्वातंत्र्य आणि पडद्याआडचे लेखक

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि पोचली तीही पुराच्या लोंढ्यासारखी. १९५० साली तेथील शंभर घरांपैकी जेमतेम नऊ घरांत दूरचित्रवाणी संच होता. दहा वर्षांत हा आकडा सत्याऐंशीवर गेला. आपल्याकडे दिल्लीत तिचा प्रयोग सुरू झाला १९५९ साली आणि मुंबईला ती दिसली १९७२ साली. आपल्याला ती मिळाली तेव्हा तिचे बालपण संपलेले होते. तिच्या त्या बालपणात लोक कुस्त्या पाहत, विनोदी कार्यक्रम पाहत, प्रश्नोत्तरांचे डाव पाहत. पण आठवड्यातून अनेक रात्री नाटकेही पाहत. त्या नाटकांत एक विषय वारंवार येई: इंग्लंडच्या राजाविरुद्ध अमेरिकेतील तेरा वसाहतींनी दिलेला लढा. आज मला याच नाटकांविषयी सांगायचे आहे.

कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाने नाटकांवर का बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. नाटकातील अभिनय, रस, अलंकार यांवर बोलणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले आहेत आणि पुढेही येतील. माझा प्रश्न साधा आहे. स्वातंत्र्याची ही गोष्ट कोणी लिहिली, तिचे पैसे कोणी दिले आणि लिहिणाऱ्याचे नाव पडद्यावर का आले नाही?

आधी यंत्राची बाजू पाहू, कारण पुष्कळशा गोष्टी तिच्यावर ठरल्या. त्या काळी बहुतेक नाटके जिवंत होत. म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नट बोलत त्याच क्षणी घराघरांत ऐकू येई. चुकले तर चुकले. चित्रफितीवर मुद्रण करण्याचे यंत्र १९५६ साली आले. तोपर्यंत नाटक जपून ठेवायचे तर पडद्यासमोरच फिल्मचा कॅमेरा लावून त्या पडद्याचेच चित्रण करीत. त्याला ‘किनेस्कोप’ म्हणत. आज जे काही शिल्लक आहे ते बहुधा या किनेस्कोपांमुळे, आणि म्हणूनच ते धुरकट दिसते. स्टुडिओ लहान, वेळ अर्धा किंवा एक तास. घोडदळ नाही, तोफा नाहीत, समुद्र नाही. मग क्रांती दाखवायची कशी? तर न्यायालयाची खोली, सभागृह, तुरुंगाची कोठडी, छापखाना असे चार भिंतींत मावणारे प्रसंग निवडायचे आणि माणसांना बोलते करायचे. ही अडचण माझ्या मते वरदान ठरली. पुढच्या काळात खर्च वाढला, बाहेर जाऊन रंगीत चित्रण होऊ लागले. डिस्नेच्या संस्थेने १९५९ पासून ‘द स्वॉम्प फॉक्स’ या मालिकेत दक्षिण कॅरोलायनाच्या दलदलीतला गनिमी सेनानी फ्रान्सिस मॅरियन दाखवला. मुलांना ती आवडली असेल. पण त्यात घोडे दौडतात आणि वाद मागे पडतो. आधीच्या धुरकट नाटकांत वाद आहे.

अशा नाटकांतले एक पाहू. ‘स्टुडिओ वन’ या नाट्यमालेत १९५३ साली पीटर झेंगरच्या खटल्यावर नाटक झाले. खटला १७३५ सालचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चाळीस वर्षे आधीचा. झेंगर हा न्यूयॉर्कमधील जर्मन वंशाचा गरीब मुद्रक. विल्यम कॉस्बी नावाच्या गव्हर्नराविरुद्ध एक गट उभा राहिला आणि त्या गटाने नोव्हेंबर १७३३ मध्ये साप्ताहिक सुरू केले. ते झेंगर छापी. गव्हर्नर चिडला. सरकारी हुकमाने अंक जाळले गेले आणि १७३४ च्या नोव्हेंबरात झेंगरला तुरुंगात टाकले. तो आठ महिन्यांहून अधिक काळ आत राहिला. त्याची बायको ॲना हिने साप्ताहिक बंद पडू दिले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. साप्ताहिकातले लेख झेंगरने लिहिलेले नव्हते. लिहिणारे होते जेम्स अलेक्झांडर आणि त्याच्या गटातले शिकलेले, प्रतिष्ठित लोक. ते निनावी लिहीत. अंकावर नाव होते ते खिळे जुळवणाऱ्याचे, आणि म्हणून बेडी पडली ती त्याच्या पायात. आपल्या देशातही १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव घालण्याची सक्ती केली होती. आम्हा कामगार संघटनावाल्यांना तिचा अर्थ शिकवावा लागत नसे. एका संपाच्या वेळी आमच्या पत्रकाखाली ज्याचे नाव होते त्या मुद्रकाला दोनदा चौकीत बोलावले गेले. पत्रकातले एक अक्षरही त्याने लिहिलेले नव्हते. तिसऱ्या पत्रकाच्या वेळी त्याने कागदाचा गठ्ठा आमच्या हातात परत दिला. त्याला दोष देण्याचे धाडस मला झाले नाही. घरी खाणारी पाच तोंडे होती.

झेंगरच्या खटल्यातला कायदा विचित्र होता. राजद्रोहात्मक बदनामीच्या त्या कायद्यात मजकूर खरा असणे हा बचाव नव्हता. मजकूर छापला की नाही एवढेच ज्यूरीने सांगायचे. तो गुन्हा ठरतो की नाही हे न्यायाधीश पाहील. झेंगरच्या आधीच्या वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीवरच आक्षेप घेतला, तेव्हा त्यांची सनद काढून घेतली गेली. मग फिलाडेल्फियाहून अँड्र्यू हॅमिल्टन नावाचा वृद्ध वकील आला. त्याने उभे राहताच कबूल करून टाकले की होय, माझ्या अशिलाने हे छापले आहे. सरकारी पक्ष चकित झाला. हॅमिल्टन न्यायाधीशांकडे न वळता ज्यूरीकडे वळला आणि म्हणाला, यात खोटे काय आहे ते तुम्हीच ठरवा. ज्यूरीने थोड्याच वेळात ‘निर्दोष’ असा निकाल दिला. कायदा त्यामुळे बदलला नाही. पण वसाहतीत छापखान्यावर खटला भरणे सरकारला अवघड झाले.

हा राजद्रोहाचा इंग्रजी विचारच पुढे आपल्या दंडसंहितेत १२४-अ कलम होऊन आला आणि १९०८ साली लोकमान्यांवर चालला. मुंबईच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून आपला निराळा निकाल दिला. असो. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

नाटकात झेंगरची भूमिका केली एडी अल्बर्ट या नटाने. त्याची पत्नी मार्गो ही अभिनेत्री. तिचे नाव ‘रेड चॅनल्स’ या पुस्तिकेत छापलेले होते, आणि ही पुस्तिका काय होती हे समजल्याशिवाय या नाटकांचे मर्म समजत नाही.

१९४७ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने चित्रपटसृष्टीतल्या साम्यवाद्यांची चौकशी आरंभली. तुम्ही साम्यवादी पक्षाचे सभासद आहात काय, होता काय आणि तुमच्याबरोबर आणखी कोण होते, असे प्रश्न. उत्तर देण्यास नकार देणारे दहाजण तुरुंगात गेले. जून १९५० मध्ये काही खासगी मंडळींनी, ज्यांचा पूर्वी सरकारी गुप्तचर खात्याशी संबंध होता, ‘रेड चॅनल्स’ छापली. तीत रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या १५१ लोकांची नावे होती. कोणी स्पेनच्या लोकशाही सरकारला मदत म्हणून वर्गणी दिलेली, कोणी वर्णद्वेषाविरुद्धच्या अर्जावर सही केलेली. गुन्हा कोणाचाही सिद्ध झालेला नव्हता. खटलाच नव्हता, मग ज्यूरी कुठली?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जीन म्यूर या अभिनेत्रीला एका लोकप्रिय मालिकेतून काढले. तक्रारीचे मूठभर दूरध्वनी आले होते, तेवढे पुरले. करारातले पैसे तिला देण्यात आले. काम मात्र दिले नाही. डिसेंबरात सी.बी.एस. कंपनीने आपल्या नोकरांकडून निष्ठेची प्रश्नपत्रिका भरून घेतली. सिराक्यूस गावच्या लॉरेन्स जॉन्सन नावाच्या किराणा दुकानदाराने तर निराळीच युक्ती काढली. यादीतल्या नटाला काम देणाऱ्या कार्यक्रमाचा जाहिरातदार जो साबण वा दंतमंजन विकत असेल, त्या मालापुढे तशी पाटी लावीन, अशी धमकी तो देई. मोठमोठ्या कंपन्या त्याला भीत. तिकडे कार्यक्रमाचा खर्च जाहिरातदार करी आणि म्हणून शेवटचा शब्द त्याचाच असे.

जाहिरातदार गोष्ट कशी वळवतो याचा नमुना म्हणजे ‘कॅव्हलकेड ऑफ अमेरिका’. ड्यू पाँ या रसायनांच्या कंपनीने हा कार्यक्रम रेडिओवर १९३५ साली सुरू केला आणि १९५२ ते १९५७ दूरचित्रवाणीवर चालवला. पहिल्या महायुद्धात दारूगोळा विकून या कंपनीने अमाप नफा केला, आणि १९३४ साली सिनेटच्या समितीपुढे तिची बरीच शोभा झाली. ती धुऊन काढायची म्हणून थोर अमेरिकनांच्या चरित्रांचा हा कार्यक्रम. रेडिओच्या दिवसांत त्यासाठी लिहिणाऱ्या एरिक बार्नो यांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्यात बंदुकीचा आवाज वर्ज्य होता. बंदुकीची दारू विकणाऱ्याला बंदुकीचा आवाज नको! कामगारांचे झगडे हा विषयही त्यात निषिद्धच होता. बेंजामिन फ्रँकलिन चालेल, संपकरी चालणार नाही.

आणि बॉस्टनची गोष्ट संपकऱ्यांवाचून, म्हणजे कामकऱ्यांवाचून, सांगताच येत नाही. ५ मार्च १७७० रोजी बॉस्टनच्या रस्त्यावर इंग्रज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे मेली. हे शाळेच्या पुस्तकात असते. तीन दिवस आधी काय झाले ते सहसा नसते. शिपायांचा पगार अपुरा असे, म्हणून रिकाम्या वेळी ते कमी मजुरीत मिळेल ते काम पत्करीत. एक शिपाई दोरखंडाच्या कारखान्यात काम मागायला गेला. तेथल्या कारागिराने त्याला अपमानास्पद काम सांगितले, मारामारी जुंपली आणि पुढचे दिवस ती धुमसत राहिली. गोळीबारात मेलेल्यांत दोर वळणारा सॅम्युएल ग्रे होता. काळ्या आणि मूळ रहिवासी रक्ताचा खलाशी क्रिस्पस ॲटक्स होता, आणखी एक खलाशी होता, सतरा वर्षांचा एक उमेदवार होता. मेलेले सगळे हातावर पोट असणारे. स्वस्त मजूर फाटकाशी आला की काय होते हे कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या कोणालाही कळेल. शिपाई वाईट आणि कारागीर चांगला, इतके ते सोपे नाही. भुकेने दोघांनाही एकाच फाटकाशी आणले होते.

आता ज्या कार्यक्रमासाठी मी हा सारा पसारा मांडला त्याकडे येतो. त्याचे नाव ‘यू आर देअर’, म्हणजे ‘तुम्ही तेथे हजर आहात’. रेडिओवर तो १९४७ पासून होता, सी.बी.एस.ने १९५३ च्या फेब्रुवारीत तो दूरचित्रवाणीवर आणला. युक्ती मोठी गमतीची. आजच्या पोशाखातले वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट स्टुडिओतल्या मेजाशी बसून जुन्या काळाची तारीख सांगत आणि ताजी बातमी द्यावी तशी हकीकत सुरू करीत. मग ‘आमचे वार्ताहर’ घटनास्थळी जात, ऐतिहासिक पात्रांना प्रश्न विचारीत आणि ती पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून उत्तरे देत. बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला जातो आहे आणि बातमीदार विचारतो आहे, तुम्ही हे का करता? हेरगिरीसाठी फाशी गेलेला एकवीस वर्षांचा शिक्षक नेथन हेल, फितूर झालेला सेनापती बेनेडिक्ट आर्नल्ड, हेही त्यात आले. सॉक्रेटिस, जोन ऑफ आर्क, गॅलिलिओ आणि सेलम गावचा चेटकिणींचा खटलाही आला. सुरुवातीची दोन-अडीच वर्षे दिग्दर्शन मुख्यतः सिडने ल्युमेट या तरुणाचे होते. ज्यूरीच्या बंद खोलीवरचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा चित्रपट पुढे १९५७ साली याच ल्युमेटने केला. आपल्याकडे त्यावरून हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ निघाला, तो पुष्कळांनी पाहिला असेल.

विषयांची ही यादी वाचून काही सुचते का? सत्य बोलल्याबद्दल विषाचा पेला, मत मागे घे म्हणून दडपण, शेजाऱ्यांची नावे सांग म्हणून सक्ती. हे विषय निवडणारे तिघे लेखक होते: अब्राहम पोलोन्स्की, वॉल्टर बर्नस्टीन आणि अर्नल्ड मॅनॉफ. तिघेही काळ्या यादीतले. पोलोन्स्की १९५१ साली समितीपुढे उभे राहिले आणि इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा समितीतल्या एका सदस्याने त्यांना अत्यंत धोकादायक नागरिक ठरवले. बर्नस्टीनचे नाव ‘रेड चॅनल्स’मध्ये होते. उघडपणे यांना कोणी काम देऊ शकत नव्हते. निर्माते चार्ल्स रसेल यांना मात्र सारे ठाऊक होते आणि त्यांनी ते पोटात ठेवले.

पद्धत अशी. लेखक संहिता लिही आणि यादीत नाव नसलेला दुसरा कोणी माणूस ती आपली म्हणून नेऊन देई. नुसते टोपणनाव चालत नसे, कारण कंपनीला हाडामांसाचा लेखक दिसावा लागे. त्या माणसाच्या नावाने धनादेश निघे. कोणी हे मैत्रीखातर करी, कोणी पैशांतला वाटा घेई. आणि या तिघांनी आपसांत एक व्यवस्था केली, ती मला फार मोलाची वाटते. काम तिघांत वाटून घ्यायचे, ज्याला गरज अधिक त्याला आधी. ना नोंदणी, ना वर्गणी, ना शिक्का. कामगार संघटना याहून वेगळी काय असते?

आमच्या औद्योगिक वसाहतींत काळी यादी कोणी छापत नाही. एका कारखान्यातून काढलेल्या माणसाला शेजारच्या चार फाटकांवर ‘जागा नाही’ असे सांगतात आणि सहा महिन्यांनी त्यालाच वाटू लागते की उणीव आपल्यात असावी. अमेरिकेत ती छापली गेली, म्हणून तिच्याशी झगडता तरी आले. रेडिओ-दूरचित्रवाणीच्या कलावंतांची तिकडे एक संघटना होती. तिची वागणूक १९५५ साली दुटप्पी ठरली. एकीकडे सभासदांनी मतदान करून यादीवाल्या खासगी संस्थेचा निषेध केला. दुसरीकडे समितीपुढे बोलण्यास नकार देणाऱ्या सभासदाला शिक्षा करण्याचा नियमही मंजूर केला. भ्यालेली संघटना मालकापेक्षाही आपल्याच माणसाला अधिक जाचते, हे मी जवळून पाहिलेले आहे. त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत यादीला विरोध करणारे पॅनेल जिंकले. त्यातले एक उपाध्यक्ष जॉन हेन्री फॉक यांना लगेच यादीवाल्यांनी लक्ष्य केले आणि त्यांची रेडिओवरची नोकरी गेली. पण फॉक यांनी १९५६ सालीच बदनामीचा दावा लावलेला होता. १९६२ साली ज्यूरीने त्यांना पस्तीस लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. अपिलात ती रक्कम साडेपाच लाखांवर आली. काळ्या यादीचे कंबरडे मोडायला या निकालाचा मोठा हातभार लागला. झेंगरनंतर दोनशे सत्तावीस वर्षांनी पुन्हा न्यूयॉर्कचीच ज्यूरी.

बॉस्टनच्या चहाबद्दल एक सांगायचे राहिले, आणि त्यात आपला संबंध आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री डार्टमाउथ, एलेनोर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला गेला. किंमत दहा हजार पौंडांच्या आसपास. टाकणारे शंभरावर लोक मोहॉक जमातीच्या वेषात आलेले, तोंडाला काजळी फासलेले. त्यांतला जॉर्ज ह्यूज नावाचा चांभार इतका जगला की १८३० नंतरच्या काळात लोक त्याच्याकडून ती आठवण ऐकायला जात. चहा होता चीनचा आणि मालक होती ईस्ट इंडिया कंपनी, तीच आपली कंपनी. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात वॉरन हेस्टिंग्जच्याच अंदाजाप्रमाणे एक तृतीयांश प्रजा मेली. कंपनीची तिजोरी खंक झाली आणि लंडनच्या वखारींत चहा पडून राहिला. तो खपवण्यासाठी पार्लमेंटने १७७३ साली चहाचा कायदा केला. त्याच अधिवेशनात कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारासाठी रेग्युलेटिंग ॲक्टही झाला. जॉन डिकिन्सन या पेनसिल्व्हेनियाच्या वकिलाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पत्रक काढून आपल्या लोकांना बजावले की आशियातल्या लोकांना उपाशी मारणारी हीच कंपनी आता तुमच्या दाराशी आली आहे. पत्रकाखाली खरे नाव नव्हते. ‘रस्टिकस’ अशी सही होती. टॉमस पेन याचे ‘कॉमन सेन्स’ही १७७६ च्या जानेवारीत निनावीच निघाले. हा पेन इंग्लंडात असताना जकात खात्यातल्या कारकुनांच्या पगारवाढीचा अर्ज लिहून नोकरी गमावून आलेला माणूस. महात्मा फुल्यांनी १८४७ साली वाचला तो हाच पेन.

या नाटकांचे मला वाटणारे मोठे न्यूनही फुल्यांवरूनच सांगता येते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी गुलाम राबत होते. त्या वर्षांतल्या नाटकांत हा प्रश्न बहुधा येत नाही. दक्षिणेतले प्रेक्षक आणि जाहिरातदार दुखावतील, ही भीती होती. पुण्यात बसून फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. जॉर्ज वॉशिंग्टनला नव्हे.

‘यू आर देअर’ १९५५ मध्ये हॉलिवुडला हलला, फिल्मवर होऊ लागला आणि १९५७ साली संपला. या तिघांपैकी मॅनॉफ १९६५ मध्ये वारले. पोलोन्स्की १९९९ पर्यंत जगले. दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या त्यांच्या एका चित्रपटाचे श्रेय लेखकांच्या संघटनेने १९९६ साली त्यांना परत दिले. बर्नस्टीन १०१ वर्षांचे होऊन २०२१ साली गेले. त्यांनी १९७६ मध्ये आपल्या त्या दिवसांवर ‘द फ्रंट’ नावाचा चित्रपट लिहिला. लेखकांच्या आड उभा राहणारा, स्वतः एक ओळही लिहिता न येणारा एक उपाहारगृहातला रोखपाल त्याचा नायक आहे. चित्रपट विनोदी आहे. शेवटी श्रेयनामावली येते, तेव्हा दिग्दर्शकाचे नाव, लेखकाचे नाव, काही नटांची नावे दिसतात आणि प्रत्येकापुढे तो माणूस कोणत्या साली काळ्या यादीत गेला ते साल.